उजव्या दारातून आत

समुद्राकाठच्या त्या गावात भाड्याने घेतलेल्या पांढऱ्या गाडीपाशी पोहोचताच इंद्रभान हिवराळे सरळ उजव्या दाराकडे गेले, आत बसले आणि मग त्यांनी समोर पाहिले. समोर स्टिअरिंग नव्हते. क्रोएशियात वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात आणि चालक डावीकडे बसतो, हे सहलीला घेऊन आलेल्या मुलीने आधी फोनवर सांगितलेले त्यांना आठवत होते. परंतु बत्तीस वर्षे जे शरीर उजव्या दारातून चढले, त्याला हे कोणी सांगितले नव्हते. डावीकडून मनाली आत आली. तिने आरसा नीट केला.

"बरं झालं बाबा, पुढंच बसलात. रस्ता पाहता येईल."

त्यांना रस्ता पाहायचा नव्हता. तो चालवायचा होता. शर्टाच्या आतल्या खिशात बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयातून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना होता. तो काढल्याचे पत्नी बनाबाईंखेरीज कोणालाही ठाऊक नव्हते. मुलीकडे गाडी मागायची नाही, तिनेच किल्ली पुढे करावी, असे त्यांनी नांदुऱ्यातून निघतानाच ठरवले होते.

या हट्टाला इतिहास होता. इंद्रभान यांचे वडील नांदुऱ्याच्या जिनिंगमध्ये पाठीवर सरकीची पोती वाहत. घराण्यात सरकारी गणवेश प्रथम अंगावर चढला तो इंद्रभान यांच्या, एसटीचा चालक म्हणून. मलकापूर–बुलढाणा या मार्गावरच्या राजूर घाटातून त्यांनी किती फेऱ्या केल्या, याची गणती त्यांनी ठेवली नाही; विनाअपघात सेवेचा बिल्ला मात्र भिंतीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, जपून लावला आहे. ज्या गावांत त्यांच्या वडिलांना कोणी घरात घेत नसे, त्याच गावांची माणसे त्यांच्या पाठीमागे घाटात माना टाकून निर्धास्त झोपत. माणसाने माणसावर टाकलेला एवढा विश्वास त्यांना अन्यत्र कोठेही लाभला नव्हता. तो त्यांना केबिनमध्ये लाभला. आणि म्हणून स्टिअरिंग ही त्यांच्या लेखी केवळ वस्तू नव्हती.

घाटात आणखी एक रीत होती. समोरून दुसरी एसटी आली की दोन्ही चालक स्टिअरिंगवरून एक हात उचलत. बोलणे नाही, हसणे नाही. हात वर गेला आणि खाली आला. निवृत्तीनंतर तीन वर्षे झाली तरी त्यांना पगाराची नव्हे, त्या हाताची चुटपुट लागून राहिली होती.

रस्ता सुरू झाला. एका बाजूला उभा खडक, दुसऱ्या बाजूला गुडघाभर उंचीचा दगडी कठडा आणि त्यापलीकडे खाली एकदम समुद्र. दोन गाड्या अंग चोरूनच एकमेकींना ओलांडतील एवढी रुंदी. वळण संपते न संपते तोच पुढचे. प्रत्येक वळणावर इंद्रभान यांचा उजवा पाय पायाखालचा मऊ गालिचा दाबत होता. तेथे ब्रेक नव्हता. मनाली त्या क्षणाआधीच वेग कमी करत होती, गिअर उतरवत होती आणि वळणाच्या पोटातून गाडी शांतपणे बाहेर काढत होती. तिच्याकडून चूक व्हावी, अगदी लहानशी, इंजिनाने तक्रार करावी एवढीच, याची ते वाट पाहत होते. हे त्यांनी पुढे नांदुऱ्यात स्वतःहून सांगितले, आवाज न बदलता. चूक झाली नाही.

मागच्या सीटवर बनाबाई होत्या. राजूर घाट म्हटला की बनाबाई आणि लिंबू हे ठरलेले. नवऱ्याच्या गाडीत त्या पहिल्या वळणापासून लिंबू नाकाला लावून डोळे मिटत आणि तरीही बुलढाणा येईपर्यंत एकदा खिडकीबाहेर डोके काढीतच. या प्रवासासाठीही त्यांनी घरून पाच लिंबे आणली होती. तासाभरानंतर इंद्रभान यांनी मागे वळून पाहिले. बनाबाई खिडकीला नाक लावून समुद्र पाहत होत्या.

"लिंबू नाही लागलं?"

"हाव न! इसरलीच मी." त्यांनी पर्स चाचपली. "पोरगी कशी पाण्यावानी गाडी नेऊन राह्यली. तुमच्या गाडीत तर आतडे गळ्यात यायचे बापा."

"ते एसटी होती. पन्नास माणसं भरलेली. ही डबी आहे."

"डबी त डबी. पोट त माह्यंच होतं न दोन्हीकडं?"

मनाली हसली. इंद्रभान हसले नाहीत. ज्या स्त्रीचा त्यांच्या चाकावर कधी विश्वास बसला नव्हता, ती मुलीच्या चाकावर डोळे उघडे ठेवून बसली होती. एखाद्या परक्याचे हे यश त्यांनी कदाचित सहन केले असते. परंतु जिला आपण शिकवले, तिने आपल्याच क्षेत्रात आपल्याला मागे टाकावे, या दुःखाला धड नाव नसते. त्यामुळे ते अभिमानाचे कपडे घालून घरात वावरते आणि ओळखू येत नाही.

आणि तिला त्यांनी शिकवले होते का? या प्रश्नापाशी ते तोवर पोहोचले नव्हते.

दुपारी एका वळणावर समोरून स्थानिक बस आली. दोघांपैकी एकाने मागे हटणे भाग होते. मागे दोनशे फुटांवर रस्ता थोडा रुंद होता. इंद्रभान यांचा हात खिशातल्या परवान्यावर गेला. "सरक, मी घेतो," हे शब्द जिभेवर आले. तोवर मनालीने काच खाली करून मान बाहेर काढली होती. गाडी कठड्यापासून वीतभर अंतर राखत मागे गेली आणि रुंद जागी थांबली. बस सावकाश शेजारून निघाली. तिच्या चालकाचे केस पांढरे होते. इंद्रभान यांचा हात आपोआप वर गेला. त्या चालकानेही हात उचलला. पण त्याची नजर मनालीवर होती. मनालीने हात उचलून उत्तर दिले. इंद्रभान यांचा हात काचेसमोर तसाच राहिला. मग त्यांनी त्याच हाताने कपाळ पुसले.

पुढे रस्त्याकडेच्या दगडी बाकावर तिघे जेवायला बसले. घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी, तिकडचा पाव.

"बाबा, बरं वाटत नाही का?"

"वाटते."

"मग काऊन गप्प बसले?"

बनाबाईंना राहवले नाही. "त्यायच्या खिशात पाह्य. कागद हाय. गाडीचा. चार दिस बुलढाण्याले हेलपाटे घातले, मले म्हणे पोरीले सांगजो नको. आता कोंबडीवानी अंड्यावर बसून राह्यले."

मनालीने हात पुढे केला. इंद्रभान यांनी परवाना दिला. तिने त्यावरचा वडिलांचा फोटो बराच वेळ पाहिला.

"सांगितलं काऊन नाही?"

"तू विचारलं काऊन नाही?"

मनालीने पावाचा तुकडा खाली ठेवला. "माझ्या मनातच आलं नाही बाबा, खरंच. वाटलं, आयुष्यभर चालवली, आता आरामात बसतील." मग, अजिबात रागावलेली नसताना, ती म्हणाली, "मी विचारलं होतं पण. दोनदा. शाळेच्या मैदानावर."

इंद्रभान यांना ते आठवले. दर रविवारी ते थोरल्या मुलाला, देवानंदला, मागून आणलेल्या जीपवर शिकवत असत. सतरा वर्षांची मनाली मैदानाच्या कडेला उभी राहून म्हणाली होती, मलेही शिकवा. "तुले काय करा लागते गाडी शिकून? तू कॉलेज शिक." पुढच्या रविवारी तिने पुन्हा विचारले, आणि त्यांनी पुन्हा तेच उत्तर दिले, प्रेमानेच. देवानंद पुढे बँकेत लागला आणि आजही गाडीला हात लावत नाही. मनालीने पुण्यात अभियांत्रिकी केली, नोकरीसाठी जर्मनीत गेली, तेथील वाहन परवान्याच्या परीक्षेत एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा उत्तीर्ण झाली. त्यांनी मुलीला नकार दिला होता, असे त्यांना कधी वाटलेच नव्हते. त्यांच्याही मनात तेव्हा ते आलेच नव्हते. आणि अन्याय बहुधा असाच होतो, कोणी ठरवून न करता.

आता त्यांना काही मिळणार असेल तर ते मागूनच मिळणार होते. मैदानाच्या कडेला, जेथे ती उभी होती तेथे उभे राहून. त्यांना हे कळले, आणि ते कळणे मुळीच सुखाचे नव्हते. पाण्याची बाटली त्यांनी उगाच दोनदा उघडली आणि बंद केली.

"मनाली, मले चालवू देशीन का?"

"हाव," ती म्हणाली. "पण आज नाही. भाड्याच्या कागदावर तुमचं नाव चढवा लागते. तुम्हीच म्हणायचे, नावाशिवाय गाडीले हात लावू नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवाल्याच्या खिडकीवर नाव चढले. इंद्रभान या वेळी डाव्या दारातून आत बसले. गिअरसाठी त्यांचा डावा हात गेला आणि दारावर आपटला. दुसऱ्या वळणावर पुन्हा आपटला. गाडी एकदा बंद पडली. मागच्याने भोंगा वाजवला. उजव्या सीटवर मनाली होती, मागे बनाबाई. तिचा पाय गालिचा दाबत असलेला त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिला आणि त्यांना, ही गोष्ट त्यांनी कबूल केली, थोडे समाधान वाटले.

चौथ्या वळणावर तीच बस समोर आली. या वेळी रस्ता पुरेसा रुंद होता. पांढऱ्या केसांच्या चालकाने इंद्रभान यांच्याकडे पाहून हात उचलला. तीन वर्षे ज्या क्षणाची ते वाट पाहत होते तो समोर उभा होता, आणि त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर असे घट्ट बसले होते की एकही उचलेना. शेजारच्या सीटवरून मनालीने हात वर केला. बस निघून गेली.

"तेव्हाही मले लागलंच," इंद्रभान म्हणतात. "म्हटलं, हेही हिनंच केलं."

बस गेली त्याच क्षणी मागच्या सीटवरून लिंबाचा वास आला.