गैरहजेरीचं पत्र

माझ्या वडिलांचे प्राचार्य इंग्रज होते. निजामाच्या राज्यात, हैदराबादच्या एका कॉलेजात त्या साहेबांनी उभी हयात काढली. माणूस कडक, आपली भाषा जेमतेम. पण विद्यार्थी तीन दिवस दिसला नाही की स्वतः चालत त्याच्या खोलीवर जायचे. वडिलांना विषमज्वर झाला तेव्हा साहेब त्यांच्या खाटेशेजारी, कपड्यांच्या पेटीवर बसून राहिले होते. मी लातूरला प्राचार्य झालो तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "गैरहजर लेकराच्या घरी जात जा."

गेलो की! बरीच वर्षं गेलो. मग शहरात क्लासेसचं पेव फुटलं. पोरं नाव आमच्याकडे घालणार आणि शिकणार गल्लीतल्या पत्र्याच्या हॉलमध्ये. अर्धा वर्ग रिकामा. कुणाकुणाच्या दारात उभा राहू? मला अपमान वाटायचा. शेवटी मी छापील पत्रं काढली : पाल्याची हजेरी कमी आहे, पालकांनी समक्ष येऊन सही करावी, अन्यथा नाव कमी करण्यात येईल.

भूकंपानंतर कॉलेज पुन्हा भरलं. पडलेल्या गावांत जाऊन आम्ही दगावलेल्या विद्यार्थ्यांची यादी केली होती. औशाकडची बारावीची एक मुलगी येत नव्हती. तिच्या गावात दोन-चारच घरं पडलेली, म्हणून तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. असेल क्लासला, असं म्हणून मी तिच्याही पत्रावर सही ठोकली. तिथं जायला एस.टी.ने जेमतेम तास लागतो.

आठवड्याने तिचे वडील आले. पत्र हातात होतं.

"सर, कागद आला म्हनून आलो. पोरगी न्हाई राहिली. इसर्जनाला गावाकडं आलती. भूकंपात भित पडली तिच्यावर."

चुकलो म्हणालो, पत्र परत मागितलं. त्यांनी ते सोडलं नाही.

"तुमचा काय दोष न्हाई, सर. पर तिचं नाव काढू नका. परीक्षेपर्यंत तरी असू द्या. सही केली तर नाव ऱ्हातंय म्हनं?"

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

त्यांनी टेबलावरचं पेन घेतलं आणि अक्षर अक्षर जोडत सही केली. त्या सहीच्या वर आम्हीच छापलेली ओळ होती : यापुढे माझा पाल्य नियमित हजर राहील.