पाचरआबांचा दरवाजा

पाचरआबांना कुणी लोखंडी शिकंजा भेट दिला असता, तर त्यांनी तो वजन म्हणून फळीवर ठेवला असता. सुतारकामात उभा जन्म गेला, पण सरस लावलेल्या फळ्या आवळायला त्यांनी शिकंजा कधी विकत घेतला नाही. दोन दांडक्यांना ठोकळे मारायचे, मध्ये फळ्या बसवायच्या आणि उरलेल्या फटीत पाचरी ठोकायच्या. खुर्ची असली तर दोरी गुंडाळून काठीने पीळ द्यायचा. म्हणून ते पाचरआबा.

मोठं काम असलं की शेजारच्या शेडमधून माझ्या तांदळाच्या दुकानात यायचे. "शेट, चार पोती द्या. ईकत न्हाई, बसायला." पाचरींनी कडेने दाब दिला की फळ्या मधून वर उचलतात, त्या दाबायला आमचा इंद्रायणी. वर मलाच दम, "सरस वाळंस्तवर, उद्या ह्याच टायमापत्तर हात लावायचा न्हाई. आजारी मानसाला कुनी उटवतं व्हय?"

गेल्या वर्षी बेडशाच्या बुद्धविहाराच्या दरवाजाचं काम त्यांनी मागून घेतलं. गाव त्यांचं, विहार त्यांचा. दमा वाढला होता, मुलं काम सोडा म्हणत होती. "येवडा यक दरवाजा करतो, मग सोडतो," म्हणाले.

दरवाजा पोत्यांखाली होता आणि आबा दिवसभर दवाखान्यात. नेमकं तेव्हाच तळेगावचं गिऱ्हाईक टेम्पो घेऊन आलं. चार पोती कमी पडत होती. मी शेडमधली उचलली. फळ्या बोटभर वर आल्या. संध्याकाळी नवा माल आला, तशी चार पोती गुपचूप परत चढवली. फळ्या खाली बसल्या आणि मी निर्धास्त झालो.

दरवाजा लागून महिना झाला नाही तोच मधला सांधा उघडला. आबा बेडशाला जाऊन बघून आले आणि माझ्या पायरीवर बसले.

"शेट, कायबी चुकलं न्हाई. सगळं नेमानं केलंतं. मंजे आता हातच गेलं माजं."

मी चहा मागवला. पोत्यांचं ओठांवर आलं होतं. स्वतःची लाज वाटत होती, पण भीती त्याहून जास्त. चहा पिऊन आबा उठले. त्याच आठवड्यात त्यांनी हत्यारं देऊन टाकली.

पुढे चार महिने ते जगले. रोज भेटायचे, आणि रोज मी उद्या सांगू म्हणायचो.

आबांच्या पुण्यानुमोदनाला विहारात गेलो. सांध्यावर पत्र्याची पट्टी मारली होती. तिच्याकडे बघत त्यांचा थोरला मुलगा म्हणाला, "वय झालंतं आबांचं. आमी सांगत हुतो, नगा करू."

मी म्हणालो, "हो, वय झालं होतं."