नानांची आरशी

आपण तापकरी माणसाच्या कपाळावर हात ठेवतो ना, तसा नाना जमिनीवर तळहात ठेवायचे. उकिडवे बसून, डोळे मिटून, बराच वेळ. मग हात झटकून म्हणायचे, "आजून नही. आजून ऊन खाऊ द्या तिले."

धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, ते तिथले माळी. मोटारी नव्यानेच रस्त्यावर दिसू लागल्या होत्या, त्या काळातली ही गोष्ट. सगळे त्यांना नाना म्हणत, मीही म्हणायचो. औषधांच्या खोलीच्या खिडकीतून त्यांचा वाफा समोरच दिसायचा, त्यामुळे मिश्रणं घोटताना माझं अर्धं लक्ष त्यांच्याकडे असे.

त्या वाफ्याची गोष्ट सुरू होते एका गोऱ्या मडमेपासून. तिचा नवरा दवाखान्याचा मोठा डॉक्टर होता. तिनं विलायतेहून काही गाठी आणल्या होत्या, आल्याच्या गड्ड्यांसारख्या दिसणाऱ्या. फुलाचं नाव ती 'आयरिस' सांगायची. नानांच्या तोंडी त्याचं 'आरशी' झालं आणि पुढे दवाखान्यात सगळेच आरशी म्हणू लागले. मडमेनं गाठी सावलीत, खोल पुरल्या आणि रोज पाणी घातलं. तलवारीसारखी पानं आली, पावसाळ्यात गाठी सडल्या. तीन वर्षं हेच झालं. नवऱ्याची बदली झाली तेव्हा तिनं वाफ्याकडे बोट करून सांगितलं, "फेंक दो."

नानांनी माती उकरली. सडक्यात तीन गाठी अजून टणक होत्या. त्या त्यांनी फेकल्या नाहीत.

पुढची आठ वर्षं मी पाहत होतो. नानांनी भर उन्हात नवा वाफा केला, त्यात पांझरा नदीची वाळू मिसळली. गाठ पुरायची नाही, नुसती टेकवायची, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं. मला समजावताना म्हणाले, "पानीमा बठेल म्हैसनी पाठ कशी वर राहस? तशी गाठ वर ठेवनी." पावसाळ्याच्या तोंडाशी सगळ्या गाठी काढायच्या, राखेत घोळून टोपलीत ठेवायच्या आणि टोपली छपराला टांगायची. दसरा झाला की पुन्हा लावायच्या. तीनच्या चाळीस झाल्या. पानं अशी हिरवीगार की बघत राहावं. पण फूल? एकही नाही.

आम्ही थट्टा करायचो. "नाना, तुमची आरशी वांझ आहे." ते रागवत नसत. "तिले काहीतरी कमी पडस भाऊ. काय ते माले समजत नही," एवढंच म्हणायचे, आणि चूक आपलीच असल्यासारखे पुन्हा मातीवर हात ठेवायचे.

नवव्या वर्षी पौषात थंडीचा असा कडाका आला की म्हातारी माणसंही 'असं कधी पाहिलं नाही' म्हणाली. सकाळी दवाखान्याच्या हौदावर पापुद्र्यासारखा बर्फ धरलेला होता. दोन दिवसांत खेड्यांतून बातम्या आल्या. हरभरा जळाला, तूर काळी पडली. नानांच्या धाकट्या भावाचं शेत शहरापासून दोन कोसांवर होतं. त्याचा उभा हरभरा एका पहाटेत राखेच्या रंगाचा झाला. भावानं अंथरूण धरलं. नानांची बायको, आमच्या अक्का, त्या घराला सावरायला तिकडे जाऊन राहिल्या.

आणि फाल्गुनात आरशीला दांडे आले.

पहिलं फूल उमललं त्या सकाळी नाना मला बोलवायला आले. माझ्या सदऱ्याची बाही धरून त्यांनी मला ओढलं. मी पाहिलं आणि हातातला खल तसाच घेऊन उभा राहिलो. कमरेएवढा दांडा, त्यावर वीतभर फूल. तीन पाकळ्या वर उठून एकमेकींना टेकलेल्या, इतक्या पातळ की त्यांतून सूर्य दिसावा. तीन खाली ओघळलेल्या, मखमलीच्या, गर्द जांभळ्या. खालच्या प्रत्येक पाकळीच्या मधोमध पिवळ्या लवेची एक रेघ, नुकती फुटलेली दाढीच जशी. वास पिकलेल्या जांभळांच्या टोपलीसारखा.

आठवडाभरात सोळा दांडे फुलले. गावातून माणसं येऊ लागली. खेड्यातून रोग्याला घेऊन आलेला एक शेतकरी मला आठवतो. वाफ्याजवळ आल्यावर त्यानं पायांतल्या वहाणा काढल्या. देवळात नसतानाही त्या काढाव्याशा वाटल्या, त्याचं त्याला नवल वाटलं असावं, कारण नंतर तो स्वतःशीच हसला.

नाना मात्र बाजूला बसून होते. मी म्हणालो, "नाना, आता तरी आनंद करा."

"थंडी पाहिजे व्हती तिले," ते म्हणाले. "तीच थंडी, भाऊ. मन्हा भाऊनं शेत ज्या थंडीनी जाळं, तीच."

"अक्कांना बोलावून घ्या ना. दोन कोस तर आहे."

त्यांनी मान हलवली. "त्या घरमा चूल पेटत नही. तठे काय फूलना निरोप धाडू?"

पंधरा दिवसांनी अक्का परतल्या तेव्हा वाळके दांडे उरले होते. त्यांनी एक दांडा हातात घेऊन पाहिला आणि घरात गेल्या.

त्याच पावसाळ्यात अक्का दारातल्या पायरीला अडखळू लागल्या. आमच्या नव्या डॉक्टरांनी डोळे तपासले. काचबिंदू होता. गेलेली नजर येणार नव्हती आणि उरलेलीही वर्षभरात जाईल, असं त्यांनी नानांना स्पष्ट सांगितलं. नाना शांतपणे ऐकून बाहेर गेले. खिडकीतून मला दिसले तेव्हा ते रिकाम्या वाफ्याकडे पाहत उभे होते.

मार्गशीर्षात ते माझ्याकडे रजेचा अर्ज लिहून घ्यायला आले. कारण विचारलं तर म्हणाले, "तोरणमाळले जास."

तोरणमाळ म्हणजे सातपुड्याचा माथा. मोटारीनं शहाद्यापर्यंत, पुढे बैलगाडी, आणि शेवटी पायी चढ. थंडीत तिथे दर वर्षी दव गोठतं, हे त्यांना तिकडच्या एका पावरा जमातीच्या रोग्यानं सांगितलं होतं. त्याच्या अंगणात आरशी ठेवायची, तिला महिना-दीड महिना थंडी खाऊ द्यायची आणि माघात परत आणायची, असा बेत होता.

मी हसलो नाही, पण म्हणालो, "नाना, एका फुलासाठी एवढं?"

"बठ्ठा गावनी दखं भाऊ," ते म्हणाले. "तिनी नही दखं."

सगळ्या गावानं पाहिलेलं ते फूल अक्कांनी पाहिलं नव्हतं. मी अर्ज लिहिला. कारणाच्या जागी 'घरगुती अडचण' असं लिहिलं.

साठीला टेकलेला तो माणूस कावडीला दोन टोपल्या बांधून, प्रत्येकीत दोन दोन रोपं घेऊन गेला आणि रिकाम्या हातांनी परत आला. माघात पुन्हा गेला. उतरताना एक टोपली दगडावर आपटून फुटली. ती रोपं त्यांनी धोतराच्या सोग्यात, मातीसकट, पोटाशी धरून आणली. दवाखान्याच्या फाटकात शिरले तेव्हा पायांच्या टाचा उललेल्या होत्या. आधी रोपं लावली, मग माझ्याकडून पायांना मलम घेतलं.

चारांतल्या एकाच रोपाला दांडा आला, आणि त्यावर एकच कळी.

तोवर अक्कांना माणूस सावलीसारखा दिसू लागला होता. कळी कधी उमलेल याचा नानांना भरवसा नव्हता, म्हणून चार दिवस ते अक्कांना रोज सकाळी हाताला धरून आणायचे आणि ऊन चढलं की परत न्यायचे. पाचव्या दिवशी मी खिडकीशीच होतो. अक्का वाफ्यापाशी बसल्या. नानांनी त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी धरून फुलाजवळ नेला, अगदी नाक टेकेपर्यंत.

"रंग दिसस का?"

अक्का मान एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला कलती करून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "वांगाना फूलसारखा शे. पन जास्त गहिरा." थोड्या वेळानं बोट पुढे करून विचारलं, "आनि हाई पिवयं काय शे?"

"दाढी शे तिनी."

"बाईले दाढी!" अक्का हसल्या, इतक्या मोठ्यानं की व्हरांड्यातले रोगी उठून पाहू लागले. मग एकदम हसणं थांबलं. "एवढासाठे तुम्ही दोनदा डोंगर चढनात?"

मी खिडकी लोटून घेतली. काही गोष्टी पाहायला मिळाल्या तरी शेवटपर्यंत पाहू नयेत, असं मला त्या वेळी वाटलं.

त्या पावसाळ्याच्या आधी नानांनी सगळ्या गाठी तोरणमाळला नेऊन दिल्या. "तिनं माहेर तठे शे," म्हणाले. वाफ्यात गलांडा लावला. थोड्या दिवसांनी त्यांना पेन्शन झाली, माझी जळगावला बदली झाली. तसं फूल मी पुन्हा कुठेही पाहिलं नाही.

नाना मात्र एकदा दिसले. कामानिमित्त धुळ्याला गेलो होतो, बाजाराचा दिवस होता. गर्दीत ते अक्कांचा हात धरून चालले होते आणि एकसारखे बोलत होते. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. डावीकडे कुंभार बसला आहे, त्याची तीन मडकी उपडी आहेत, पलीकडे एक बकरी भाजीत तोंड घालते आहे, सगळं सांगत होते. मिरच्यांच्या ढिगापाशी आले तेव्हा म्हणाले, "आठे मिरच्या शेतस. लाल."

अक्कांनी विचारलं, "कशा लाल?"

नाना थांबले. हातातली पिशवी खाली ठेवली. माणसं धक्के देऊन पुढे जात होती, मिरचीवाली काय हवं म्हणून विचारत होती, आणि ते ढिगाकडे टक लावून उभे होते, योग्य शब्द सापडेपर्यंत. मी हाक मारायला उचललेला हात खाली घेतला.