दादा ओढत होता

माझा मोठा भाऊ इतकी वर्षं सायकलच्या शर्यतींमध्ये होता आणि एकदाही जिंकला नाही, असं सांगितलं की लोक हळहळतात. हळहळू नका. जिंकणं हे त्याचं कामच नव्हतं. त्याचं काम ओढण्याचं. संघाच्या पुढे राहायचं, वारा छातीवर घ्यायचा, मागच्यांना आडोसा द्यायचा, आणि शेवट जवळ आला की बाजूला व्हायचं. मग मागे पाय राखून बसलेला संघाचा स्प्रिंटर सुसाट सुटणार आणि फोटो त्याचा छापून येणार. शर्यतीतले सगळे दादाला बैल म्हणायचे. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. "बैलाशिवाय नांगर चालतो का गं?" म्हणायचा आणि हसायचा.

धाकट्याला आम्ही घरात शेपूट म्हणतो, कारण चालायला लागल्यापासून तो दादाच्या मागे. वडील लवकर गेले, आई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, त्यामुळे शेपटाला शाळेत नेणं-आणणं दादाकडे. दादा पुढे, शेपूट आपल्या लहान सायकलवर त्याच्या चाकाला चिकटून. त्या पोराने दादाचं तोंड कमी आणि पाठ जास्त पाहिली आहे. मी दोघांच्या मधली. मला सायकल कधी जमली नाही. मी दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरी धुते आणि घरी या दोघांची भांडणं मिटवते. चादरींना निदान रविवारी सुट्टी असते.

शेपूटही पुढे त्याच धंद्यात शिरला. दादाच्या संघाने त्याला घेतलं नाही, दुसऱ्या एका लहानशा संघाने घेतलं. तिथेही सगळं रडतखडत, बहुतेक वेळा शेवटून पहिला. दादा त्याला फोनवर झापायचा, "अरे, वाऱ्यात तोंड काढायला शीक. जन्मभर कुणाची तरी पाठच बघणार आहेस का?" शेपूट नुसता हसायचा. दादाचं बोलणं त्याला कधी लागलंच नाही.

त्या वर्षी मोठ्या शर्यतीचा एक टप्पा आमच्याच शहरात संपणार होता. आई आणि मी सकाळपासून शेवटच्या रेषेजवळच्या कठड्याला लटकून उभ्या होतो. समोर मोठा पडदा. रस्ता सपाट, म्हणजे दिवस स्प्रिंटरांचा, आणि सगळ्यांत पक्का स्प्रिंटर दादाच्या संघाचा. दिवसभर कुणी कुणी पुढे पळून पाहिलं, पण अशा पळालेल्यांना घोळका शेवटी गाठतोच. एकटा माणूस वाऱ्याशी एकटाच भांडतो, घोळक्यात आळीपाळीने भांडता येतं. शहराच्या वेशीपाशी शेवटचाही पळपुटा सापडला. सगळ्यांनी क्षणभर हुश्श केलं, कुणी पाणी प्यायलं, कुणी मान मोकळी केली. नेमका तेव्हा वर्तुळाकार चौकाच्या आतल्या बाजूने एक जण सुटला.

"अगं, हा आपला शेपूट!" आई ओरडली.

मी डोळे चोळले. शेपूटच होता. पाठ वाकवून, तोंड वेडंवाकडं करून सुटलेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यापुढे कुणाचीही पाठ नव्हती. आम्ही दोघी नाचायलाच लागलो. मग पडद्यावर घोळक्याचं तोंड दिसलं आणि आमचे पाय जागच्या जागी थिजले. सगळ्यांत पुढे येऊन ओढायला लागला होता दादा.

गाडीतून त्यांचे मॅनेजर साहेब कानातल्या यंत्रावर काय म्हणाले ते दादाने मला नंतर सांगितलं. "बैल, पुढे हो. एकच आहे, धरून आण." दादाने विचारलं, "कोण आहे?" साहेब म्हणाले, "तुझा भाऊ. ओढ." आणि दादा पुढे झाला. त्याच्या मागे त्याचा स्प्रिंटर बसला होता, त्याच्यासाठी ओढणं हे दादाचं काम होतं, आणि काम करताना पुढे कोण आहे ते बघायचं नसतं, असं तो मानायचा.

आईने माझा दंड घट्ट धरला. "दोघंही माझेच. देवाकडे मागू तरी काय?" म्हणाली आणि तिने डोळेच मिटून घेतले. मी मात्र बघत राहिले. दादाला मी तसं ओढताना कधी पाहिलं नव्हतं. शेपटाचं अंतर भराभर कमी होत होतं. मी मनातल्या मनात दादाला शिव्या घातल्या, खोटं कशाला बोलू? मेल्या, एक दिवस तरी बैल होऊ नकोस.

मग दादाचे पाय संपले. ओढणाऱ्याचे पाय संपले की त्याने बाजूला व्हायचं, कोपर हलवायचं आणि मागच्याने पुढे यायचं, ही त्यांची रीतच आहे. दादा बाजूला झाला, त्याने कोपर हलवलं, पण पुढे कुणी आलंच नाही. घोळक्यातल्या प्रत्येकाला वाटत होतं की बैल पाय संपल्याचा नुसता देखावा करतोय, पुढे सख्खा भाऊ असताना कोण मनापासून ओढेल? त्या समजुतीने प्रत्येक जण आपले पाय राखून बसला होता, खरं ओढायची वेळ आली की दुसरा कुणी तरी ओढेल म्हणून. दादाने मागे वळून पाहिलं. घोळका एकमेकांची तोंडं बघत राहिला आणि शेपूट रेषेच्या पार गेला. त्याला हात वर करायचंही सुचलं नाही.

"भावाने भावाला वाट दिली!" भोंग्यावरून समालोचक गहिवरून ओरडला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. शेजारची एक बाई तर रडायलाच लागली.

घोळका गेल्यानंतर बऱ्याच वेळाने दादा आला. सायकलवरून उतरता येईना, दोघांनी धरून खाली घेतला. फुटपाथच्या कडेला बसला आणि ओकला. मी पाण्याची बाटली दिली ती त्याच्या हातात राहीना. मांड्या थडथड उडत होत्या. ज्याने भावाला सोडून दिलं त्याची ही दशा होते होय? पण ते बघायला तिथे होतं कोण, मी आणि आई.

संध्याकाळी दोघांनाही घरी येऊन जायची परवानगी मिळाली. शेपूट बक्षिसाची फुलं घेऊनच आला आणि दारातच दादाच्या गळ्यात पडला. "दादा, तू सोडलंस म्हणून रे! जन्मभर विसरणार नाही."

गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? पण आमच्या घरात हरिश्चंद्र जन्माला आलाय ना! त्याने शेपटाला खांद्याला धरून समोर उभं केलं. "मी नाही सोडलं तुला. जीव तोडून ओढत होतो. पाय संपले म्हणून बाजूला झालो. तू जिंकलास, शेपटा. तुझ्या पायांनी जिंकलास."

दादाचा चेहरा असा फुलला होता, की जणू त्याने बक्षीसच दिलं होतं. शेपटाचा चेहरा मात्र उतरत गेला.

"म्हणजे तू मला धरायला निघाला होतास?"

"माझं कामच आहे ते."

"आणि पाय संपले नसते तर?"

दादा खोटं बोलला नाही. "तर धरला असता."

शेपटाने फुलं आईच्या हातात दिली आणि चहाही न घेता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दादाला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "कबूल कर आणि मोकळा हो. सख्खा भाऊ आहे, कुणीही समजून घेईल. पण वर तोंड करून ओढत होतो म्हणतोस, ते मला चालणार नाही. सगळ्या जगाने बघितलंय." दादाने कबूल केलं नाही. त्या मोसमानंतर त्याला संघात ठेवलं नाही आणि बैल हे नाव एकदा बदनाम झाल्यावर दुसऱ्या कुणीही घेतलं नाही. आता तो पार्सलच्या गोदामात खोकी उचलतो. गल्लीतले लोक मात्र अजून त्याची पाठ थोपटतात, भाऊ असावा तर असा म्हणून. तो दर वेळी सांगतो की तसं नव्हतं हो. त्यावर ते म्हणतात, किती विनयशील!

मी त्याच्याशी भांड भांड भांडले. एक एवढंसं खोटं बोलला असता तर नोकरी राहिली असती, भाऊ राहिला असता, जग तर आधीच टाळ्या वाजवत होतं. शेवटी एकदा म्हणाला, "अगं, त्या पोराने आयुष्यात एकच शर्यत जिंकलीय. मी सोडलं म्हटलं, की ती माझी होते. त्याच्याकडे मग काय उरतं?"

आणि खरंच, शेपूट त्यानंतर पुन्हा कधी जिंकला नाही.

दोघांचं बोलणं बंद. आई वाट बघते, विचारत नाही. मागच्या महिन्यात शेपूट मला भेटायला धुलाईखान्यात आला. मशीनच्या आवाजात ओरडून ओरडून मी त्याला दादाचं म्हणणं सांगितलं. वाटलं, आता तरी डोळे उघडतील. तो ओल्या चादरींच्या ढिगाशी उभा राहून ऐकत होता.

"ताई, ती शर्यत काय चाटायचीय मला?" तो म्हणाला. "रेषेच्या पार गेलो तेव्हा जिंकल्याचं मला कळलंच नव्हतं. समोर पडद्यावर दादा बाजूला होताना परत परत दाखवत होते. मला वाटलं, दादाने माझ्यासाठी काम सोडलं. दादाने! तिथून घरी येईपर्यंत माझ्याएवढा सुखी कुणी नव्हता गं. जिंकलो म्हणून नाही."

त्या संध्याकाळी मी तडक दादाकडे गेले. तो नुकताच गोदामातून आला होता आणि मोरीत हातपाय धूत होता. शेपूट जे बोलला ते मी शब्दन् शब्द सांगितलं. दादाने नळ बंद केला, पण टॉवेलला हात लावला नाही. कोपरांवरून पाणी गळत होतं.

"मग सोडायला हवं होतं का गं मी त्याला?"

जन्मात पहिल्यांदा दादा माझं मत विचारत होता. हो म्हणावं तर त्याचं सगळं आयुष्य खोटं, नाही म्हणावं तर शेपटाचं. मी त्याच्या ओल्या दंडाला धरलं आणि रडले.