तिसऱ्या गिअरमधला चढ

गॅरेजवाल्याला सगळे कानसेन म्हणत. गाडी फाटकातून आत येईपर्यंत तिचं दुखणं तो सांगून मोकळा होई. बोनेट उघडायचं ते फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. "व्हॉल्व्ह ढिला आहे, तिसरा," एवढं बोलून तो चहाला निघून जाई आणि तिसराच व्हॉल्व्ह ढिला निघे. त्याच्या कानांवर त्याचं घर चाललं, नाव झालं, आणि खरं सांगायचं तर थोडी मिजासही आली.

पण गेली दोन वर्षं कानसेनने एक नवीच टूम काढली होती. "आवाज कसा येतो ते तोंडाने करून दाखवा," असं तो गिऱ्हाइकांना सांगे. मग भले भले लोक, बँकेचे साहेब, डॉक्टरीणबाई, गॅरेजच्या मधोमध उभे राहून 'खरर्र खट्, खरर्र खट्' करत. बघणाऱ्यांची हसून हसून मुरकुंडी वळे. कानसेन मात्र गंभीरपणे मान डोलावून रोग ओळखे. ही नवी पद्धत आहे, असं तो सांगे. पद्धत कसली डोंबलाची! लेथ आणि ग्राइंडरशेजारी चाळीस वर्षं काढल्यावर बारीक, उंच आवाज त्याला ऐकू येईनासे झाले होते, आणि ही गोष्ट त्याने देवालासुद्धा सांगितली नव्हती. बायकोला तर नाहीच नाही.

बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. तीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसली म्हणून गॅरेजची पोरं तिला हॅलोवहिनी म्हणत. निवृत्त झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "अहो, बाबांच्या गाडीला सुपरचार्जर बसवाल का?"

कानसेनने दोनदा विचारलं. एकदा ऐकू आलं नाही म्हणून, आणि एकदा ऐकू आलं म्हणून.

बाबांची गाडी म्हणजे सासऱ्यांची दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. वय बायकोपेक्षा थोडंच कमी. बायको गाडी चालवायला शिकली ती याच गाडीवर. तलावाकडे जाणाऱ्या लांब चढावर गाडी धापा टाकायची, दुसऱ्या गिअरमध्ये यायची, आणि सासरे दर वेळी म्हणायचे, "एकदा हा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढायचाय." ते राहूनच गेलं. माणूस गेला, गाडी लेकीकडे आली.

"अगं, म्हातारं इंजिन आहे," कानसेन म्हणाला. "सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा पंखा. तो हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. आणि ताप किती! एखादा पिस्टन वितळला तर दुसरं इंजिन आणायचं कुठून?"

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय. दुसऱ्या कुणाच्या हातात देईन का मी?"

विरघळला गडी.

पुढचे पंधरा दिवस जेवणाच्या टेबलावर ताटांपेक्षा कागदच जास्त होते. एक सुपरचार्जर गोगलगाईच्या आकाराचा, देखणा. पण त्याचा जोर इंजिन किंचाळायला लागल्यावर येणार, आणि या इंजिनाला तेवढं पळवणं म्हणजे त्याची हाडं मोडणं. दुसरा स्क्रूचा, उत्तम. पण इतका लांब की बोनेट कापावं लागलं असतं. "बोनेटला हात लावायचा नाही," हॅलोवहिनीने बजावलं. शेवटी कानसेनने भंगारात गेलेल्या एका मोठ्या गाडीचा लहानसा, रूट्स जातीचा सुपरचार्जर निवडला. पोटात दोन जाडसर पाती एकमेकींना न शिवता फिरतात आणि इंजिन सावकाश चालत असतानाही हवा ढकलतात. चढासाठी हेच हवं होतं. पुली त्याने मुद्दाम मोठी घेतली, म्हणजे पंखा हळू फिरेल आणि दाब बेताचा राहील. हेडखाली जाड गॅस्केट घातलं, म्हणजे सिलिंडरमधला दाबही जरा उतरेल. सुपरचार्जर धरून ठेवणारं ब्रॅकेट आधी पुठ्ठ्याचं कापून पाहिलं, मग ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्याचं. पट्टा सरळ रेषेत येतो का, ते पाहायला दोरा हॅलोवहिनीने धरला. केसाएवढा फरक निघाला, तर त्याने अख्खं ब्रॅकेट नव्याने केलं. इतकं लाडाने त्याने स्वतःच्या लग्नाचं जाकीटही शिवून घेतलं नव्हतं.

राहिलं टायमिंग. ठिणगी जितकी लवकर पडेल तितका जोर. पण जरा जास्त लवकर पडली की इंजिन नॉक करतं. डब्यात वाटाणे हलवावेत तशी बारीक किटकिट येते, आणि ती चालू राहिली की पिस्टनचा निकाल लागतो. कानसेनची पद्धत जुनीच. तांब्याची नळी इंजिनाच्या ब्लॉकला बोल्टने आवळायची, तिला लांब रबरी नळी जोडायची आणि दुसरं टोक कान झाकणाऱ्या जुन्या टोपणांत घालायचं. किटकिट येईपर्यंत टायमिंग पुढे न्यायचं, आली की दोन अंश मागे.

रविवारी सकाळी दोघं चढाच्या पायथ्याशी गेले. ती चालवत होती, तो टोपणं घालून शेजारी. चढ अर्धा झाला की थांबायचं, ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवायचा, खाली येऊन पुन्हा चढायचं. किटकिट नाही. आणखी एक अंश. नाही. आणखी एक. कानसेनची छाती फुगली. काय जमलंय इंजिन!

"अहो, काहीतरी किटकिटतंय का?" हॅलोवहिनी ओरडली.

"पट्ट्याचा आवाज तो! चल!"

आणखी दोन अंश. मग सवयीने त्याने ठिणगीचा एक प्लग काढून उजेडात धरला. पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड शिंपडल्यासारखे ठिपके होते, आणि त्यांत चंदेरी कण चमकत होते. पिस्टनचे कण. इंजिन मघापासून बोंबलत होतं आणि हा शहाणा ते गातंय असं समजत होता.

त्याने चारही सिलिंडरचा दाब मोजला. चारही सारखे आले. वाचलं होतं, पण थोडक्यात. तो रस्त्याच्या कडेला खालीच बसला.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "बारीक आवाज येतच नाहीत. दोन वर्षं झाली. तुझ्या बाबांचं इंजिन मी आज माझ्या मिजाशीपायी जाळलं असतं."

ती त्याच्याशेजारी बसली.

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"दोन वर्षं मी तुमच्या डाव्या बाजूला बसत नाही. जेवताना नाही, सिनेमाला नाही, फिरायला जातानाही नाही. उजव्या कानाने जरा बरं ऐकता तुम्ही. म्हटलं, सांगायचं तेव्हा सांगाल." मग ती रागावलीच. "पण मगाशी विचारलं तेव्हा तरी सांगायचं की नाही! तीस वर्षं खरखरीतून माणसांचे आवाज वेचलेत मी. ती टोपणं आणा इकडे."

कानसेनला रडू आलं. ते त्याने लपवलं नाही. लपवून लपवून तो दमला होता.

टायमिंग बरंच मागे घेऊन त्यांनी पुन्हा सुरुवात केली. आता गाडी तो चालवत होता आणि डावीकडे ती टोपणं घालून, डोळे मिटून बसली होती. किटकिट आली की ती बोट वर करणार होती. चौथ्या फेरीला बोट वर झालं. त्याने उतरून दोन अंश मागे घेतले. पाचव्या फेरीला गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढाला लागली, पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, आणि तिचं बोट मांडीवरून हललं नाही. कानसेन त्या बोटाकडेच बघत राहिला.

"समोर बघा!" ती म्हणाली. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती त्याच्या डाव्या कानाशी, मुद्दाम मोठ्याने बोलली.