सेनापतीच्या पाठीशी कोण?

देवळाली प्रवऱ्यात दानीएल साळवे सर इतिहास शिकवायचे. वर्गात ते चांगले होतेच, पण त्यांचा खरा जीव अडकला होता घरी रचलेल्या एका खेळात. प्लायवूडच्या पटावर नद्या, घाट, किल्ले रंगवलेले. एका बाजूला मौर्य, दुसरीकडे सातवाहन, तिसरीकडे क्षत्रप. प्रत्येक सैन्याला एक सेनापती आणि त्याच्याभोवती चार अंगरक्षक. सेनापती पडला की डाव संपला. सगळ्या सोंगट्या सरांनी स्वतः सागाच्या तुकड्यांतून कोरल्या होत्या. त्यांतले घोडेस्वार फार देखणे उतरले होते, आणि त्याच प्रेमापोटी सरांनी तिन्ही सेनापतींना अंगरक्षक म्हणून घोडेस्वारच दिले होते.

रविवारी चर्चमधली उपासना आटोपली, जेवणं झाली की दोनच्या सुमाराला औषधाच्या दुकानाचे आबासाहेब सायकलवरून यायचे. शाळेतले क्लार्क सहादेव यायचे. सरांची बायको स्टेला चहाचं आधण ठेवायची. सहा वर्षं असंच चाललेलं. अडलं की सगळे सरांकडे बघायचे, आणि सर जरा थांबून, चष्मा वर सरकवून निकाल द्यायचे. ते थांबणं सरांना फार आवडायचं.

त्र्याण्णव सालच्या दिवाळीनंतर आबासाहेबांनी कचरू वाघमारे नावाच्या माणसाला बरोबर आणलं. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, साखर कारखान्याच्या गेटावर नुकताच लागलेला. कचरू दोन डाव मुकाट बघत बसला. मग त्यानं मौर्यांच्या सेनापतीच्या हत्तीकडं बोट केलं.

"सर, ह्या हत्तीच्या पायापाशी कोन हाय?"

"अंगरक्षक. घोडेस्वार."

"घोडं हत्तीपाशी ठरंल का वो? सवय नसंल तर बुजतंय त्ये."

आबासाहेब मोठ्यानं हसले. "सर, सहा वर्षांत हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही हो?"

कचरू पुढं बोलत राहिला. त्याच्या बोलण्यात मिजास नव्हती. "आन् हे सातवाहन घाटातले ना? मंग त्यांच्या सायबामागं पायी चालनारी मान्सं पायजेत. घोड्यावरचा असू द्या त्या क्षत्रपाकडं. सायबामागं लई ताकदीचा गडी नसतो सर. भरवशाचा असतो."

त्या रविवारपासून सगळं फिरलं. अडलं की आबासाहेब विचारायचे, "हवालदार, तुम्हाला काय वाटतं?" सहादेवही त्याच्याकडेच तोंड करून बसायचे. स्टेलासुद्धा पहिला कप कचरूच्या हातात द्यायला लागली. पाहुणा म्हणून देत होती ती, पण सरांना ते काट्यासारखं सलायचं. एकदा त्यांनी एम.ए.च्या जुन्या वह्या काढल्या. हत्तीच्या पायांचं रक्षण करणाऱ्या पायदळाबद्दल त्यांच्याच अक्षरात दीड पान लिहिलेलं होतं, खाली लाल रेघ मारलेली. म्हणजे हे आपल्याला ठाऊक होतं! आणि बोलून गेला तो गेटावरचा माणूस. सरांनी वही मिटली आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पुढच्या आठवड्यात बाजारात कचरू भेटला. "रविवारी चारला या हं," सर म्हणाले. खेळ नेहमीसारखा दोनला सुरू झाला. कचरू चारला आला तेव्हा सहादेव सोंगट्या डब्यात भरत होते. त्यानं एकदा पटाकडं पाहिलं, एकदा सरांकडं.

"उशीर झाला जनू मला," एवढंच म्हणाला आणि चहा न घेता गेला.

जानेवारीत नगरला शिक्षकांच्या शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन होतं. त्यासाठी सरांनी नवे अंगरक्षक कोरले. हत्तीच्या पायांशी ढाल-भाला घेतलेले चार पायदळाचे शिपाई, सातवाहनांना पायी धनुर्धर, घोडेस्वार फक्त क्षत्रपांना. परीक्षक पटापुढं बराच वेळ रेंगाळले. "अंगरक्षकांची निवड फार नेमकी आहे. कसं सुचलं?"

"अभ्यासातून," सर म्हणाले.

पहिला नंबर आला. शाळेत सत्कार झाला, आणि त्या सत्काराला कचरू इस्त्रीचा सदरा घालून आला. "लई ब्येस झालं सर," म्हणून त्यानं सरांचा हात दोन्ही हातांत धरला. कुठं कुजकेपणा सापडतो का म्हणून सर त्याच्या चेहऱ्यावर शोधत राहिले. सापडला असता तर बरं वाटलं असतं.

शेवटी त्यांना राहवेना. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते कारखान्याच्या गेटावर गेले. उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. कचरूनं स्टूल पुढं केलं.

"हवालदार, तुमचं मी माझं म्हणून सांगितलं. आणि चारची वेळही मुद्दाम दिली होती."

"म्हाईत हाय," कचरू म्हणाला. "दोन वाजता आबासायेबांची सायकल तुमच्या दारात दिसली हुती."

"मग बोलला का नाहीत?"

कचरूनं आलेल्या गाडीचा नंबर लिहून घेतला, मग बोलला. "आमच्या मेजर सायबाला पाठीशी ऱ्हायला एक गडी पायजे हुता. मला वाटलं मलाच घेत्याल. घेतला पुंजाराम. मी त्याच्याशी दोन वर्सं नीट बोललो न्हाई. येका जागी जेवायचो, पन पाठ करून. यकाहत्तरच्या लढाईत सायबासंगं त्यो बी गेला. आता कुनाशी बोलू?"

 घरी येऊन सरांनी परीक्षकांना पत्र लिहिलं, खेळाच्या नियमांच्या पहिल्या पानावर 'अंगरक्षकांची निवड: हवालदार कचरू वाघमारे' असं लिहिलं, आणि रविवारी ते सगळ्यांना वाचून दाखवलं.  परीक्षकांचं उत्तर काही आलं नाही.

कचरू पुढं पाच वर्षं दर रविवारी येत राहिला, मग लेकाकडं भोसरीला राहायला गेला. त्या पाच वर्षांत सरांचा मत्सर संपला असं नाही. आबासाहेब "हवालदार, तुम्हीच सांगा," म्हणाले की त्यांच्या छातीत अजूनही बारीक कळ उठायची. फक्त आता ते स्वतःच पट कचरूकडं फिरवून द्यायचे.