बरणीवरचा हिरवा थर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही – आणि त्याला मी भाजीत मीठ जास्त पडल्याचंसुद्धा ताट वाढायच्या आधी सांगून टाकते. हे मात्र सांगायला बसले की मला काहीतरी आवरायचं आठवतं. आत्ताही दोनदा उठून आले. भांडी लावून झाली, आता काही उरलेलं नाही.

देवासला कारखान्याच्या नोकरीमुळे आम्ही आलो, तेव्हा नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. कॉलनीच्या शेवटच्या ओळीत आमचं घर, आणि कुंपणापलीकडे जीजी. एकटी मालवी बाई. मुलगी मनावर गावात दिलेली. आख्खा मोहल्ला तिला जीजीच म्हणायचा. तिच्या अकरा कोंबड्या होत्या. दिवसभर मोकळ्या – नाल्याकाठचं गवत, वाळवी, किडे, जे मिळेल ते टिपायच्या. आणि सकाळ-संध्याकाळ जीजी त्यांना आंबवलेलं खाणं द्यायची. मका, ज्वारीची कणी, कोंडा, वर चार बोटं पाणी, तोंडाला फडकं. तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटला की कोंबड्या अशा धावत यायच्या! तिच्या हाताला गुण आहे, असं लोक म्हणायचे. तिलाही ते ठाऊक होतं. त्या हाताचा तिला अभिमान होता हो, दुसरं होतं काय तिच्याजवळ?

भाद्रपदात ती आठ दिवस नेमावरला भावाकडे निघाली, नर्मदेच्या स्नानाला. बरणी माझ्याकडे दिली. रोज दोनदा ढवळ, दाणा पाण्याखाली ठेव, आणि वर रंग दिसला तर – हिरवा, काळा, कसलाही – सगळंच्या सगळं फेकून दे. तीनदा बजावलं तिनं. मी हसले. मला, लोणच्याच्या सात बरण्या घालणाऱ्या बाईला, ही आंबवणं शिकवते?

आमच्या घरात अंडंसुद्धा चालत नसे. सासूबाईंच्या नजरेला पडू नये म्हणून ती बरणी मी मागच्या पत्र्याखाली सरकवली. तेवढ्यात गणपती बसले. सोवळं, नैवेद्य, येणारे-जाणारे. अशा हातांनी कोंबड्यांचं खाणं कसं ढवळायचं? चार दिवस मी तिकडे फिरकलेच नाही. कोंबड्या बाहेर टिपतायत, एवढं बघून समाधान मानलं. खरं सांगू? सोवळं हे निमित्त. मला कंटाळा आला होता.

गौरी गेल्या आणि मी फडकं सोडलं. पाणी आटलेलं. दाणा उघडा पडलेला, आणि वर – बोटभर जाडीचा हिरवा थर, मध्ये काळे ठिपके. आता तुम्ही म्हणाल, फेकलं का नाही? नवीन आंबायला तीन दिवस लागले असते, आणि जीजी परवा येणार होती. रिकामी बरणी तिला दिसली असती. शिवाय लोणच्यावर बुरशी आली की आपण काय करतो? वरचा थर काढतो, खालचं वापरतो. मी तेच केलं. डावानं थर काढला, पाणी घातलं, ढवळलं, घमेल्यात ओतलं. त्या धावत आल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माना टाकल्या. उभ्या राहता येईना. जीजी आली तोवर सात गेल्या होत्या. आणि मी? मी बरणी गटारात रिकामी केली होती, राखेनं घासून उन्हात पालथी घातली होती. माझं पहिलं काम ते! कोंबड्यांना पाणी पाजायला नंतर गेले मी.

जीजी रडली नाही. आमच्या ओट्यावर बसून राहिली. मग म्हणाली, "निघायच्या घाईत ओल धरलेली, जुनी मक्का मीच टाकली होती गं. म्हारे ही हाथ से हुआ, नी?"

मी काय म्हणायला हवं होतं? एक वाक्य. तोंडाशी आलेलं. आत सासूबाई होत्या, शेजारणी जमल्या होत्या, आणि माझा हुशारीचा तोरा होता. मी म्हटलं, "हो सकता है, जीजी."

ती मला म्हणाली, तू तरी किती धावपळ केलीस. माझे हात हातात घेतले तिनं. उरलेल्या चार कोंबड्या तिनं महिन्याभरात वाटून टाकल्या. पुन्हा कधी पाळल्या नाहीत. बायका विचारायला आल्या तर म्हणायची, मला नका विचारू, माझा हात बिघडला. हे मी कुंपणाशी उभी राहून ऐकत होते. दर वेळी. अशी मी.

पुढे तिची मुलगी तिला मनावरला घेऊन गेली. दहा-बारा वर्षांनी तिकडे लग्नाला गेलो, तेव्हा मी तिला भेटायला गेले. जीजी पार वाळली होती. अंगणात मुलीच्या कोंबड्या फिरत होत्या. मुलगी बाजारात निघाली होती; जाता जाता म्हणाली, आई बरणीला शिवतसुद्धा नाही, मीच येऊन कालवीन. ती गेली. अंगणात आम्ही दोघीच.

जीजी खाटेवरून म्हणाली, "बेटा, तू मिला दे. तेरा हाथ अच्छा है."

तेव्हा सांगता आलं असतं. सासूबाई जाऊन वर्षं झाली होती, ऐकायला कुणी नव्हतं. मी बाह्या वर केल्या. मका घातला, कणी घातली, कोंडा घातला. ढवळता ढवळता काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "पानी इतना बस, जीजी?"

तिनं बरणीकडे पाहिलंसुद्धा नाही. "म्हारे से मत पूछ, बेटा," म्हणाली.

मी अजून थोडं पाणी घातलं आणि फडकं बांधलं.